काना, मात्रा, वेलांटी

बाराखडी आपण पाठ करतो, तालात म्हणतो आणि तिसरीत गेलो की विसरून जातो. पुढे कधी शब्दकोश उघडावा लागला तर तेवढ्यापुरती ती आठवते. शाळेत कवितेचं रसग्रहण शिकवतात, पण जिच्या जोरावर ती कविता वाचता आली त्या बाराखडीकडे रचना म्हणून पाहायला कुणी सांगत नाही. मला तर ती आपल्या भाषेतल्या अतिशय देखण्या रचनांपैकी एक वाटते. तिचा कर्ता कोण ते ठाऊक नाही. तिला अर्थ नाही, गोष्ट नाही, आणि तरी तिच्यात एकही जागा उगाच भरलेली नाही. लहान मुलांना स्वर आणि वाचन शिकवणाऱ्या प्रत्येकानं ती पुन्हा एकदा सावकाश, कानानं आणि तोंडानं वाचावी. तशी वाचली की तिची थोरवी कळते, आणि पहिल्याच दिवशी तिला मुलासमोर का ठेवू नये तेही कळतं.

आधी स्वर पाहू. आरशासमोर उभं राहून अ, इ, उ हे तीन स्वर म्हणून पाहा. अ म्हणताना जीभ निवांत पडलेली असते आणि आवाज घशातून सरळ बाहेर येतो. इ म्हणताना जीभ टाळूकडे उचलली जाते, ओठ दोन्हीकडे ताणले जातात. उ म्हणताना ओठांचा चंबू होतो. घसा, टाळू, ओठ अशी ही रांग आतून बाहेर येते. क, च, ट, त, प हे वर्गही याच वाटेनं येतात. पुढचे चार स्वर या तिघांच्याच मेळातून झालेले. अ आणि इ भेटले की ए, अ आणि उ भेटले की ओ. महा आणि ईश मिळून महेश होतो, सूर्य आणि उदय मिळून सूर्योदय होतो, तो याच हिशेबानं. ऐ आणि औ यांत तर मराठी कानाला दोन्ही स्वर अजून वेगळे ऐकू येतात. पैसा म्हणताना आपण पइसाच म्हणतो, चौक म्हणताना चउक. पहिलीतलं मूल वहीत 'पइसा' लिहितं तेव्हा त्याचा कान तयार झालेला असतो, लिहायची रीत तेवढी राहिलेली असते. लाल शाईची रेघ ओढण्याआधी 'बरोबर ऐकलंस' एवढं तरी त्याला सांगावं.

मग येते स्वरांची लांबी. तिचा विचार आपल्याकडे किती रसिकतेनं झाला आहे पाहा. 'पाणिनीय शिक्षा' या उच्चारशास्त्राच्या जुन्या ग्रंथात मात्रा, म्हणजे उच्चाराला लागणारा वेळ, मोजायला पशुपक्षी बोलावले आहेत. चाष, म्हणजे आपला नीलपंख, एका मात्रेचं ओरडतो, कावळा दोन मात्रांचं, मोर तीन मात्रांचं आणि मुंगूस अर्ध्या मात्रेचं. खुद्द पाणिनीनं ह्रस्व, दीर्घ आणि प्लुत सांगायला उ हा स्वर घेतला, तो कोंबड्याच्या आरवण्यात हे तिन्ही लागोपाठ ऐकू येतात म्हणून, असं परंपरा सांगते. बालवाडीतल्या बाईंना याहून चांगला पाठ कुठे मिळणार? ह्रस्व आणि दीर्घ हे शब्द चार-पाच वर्षांच्या मुलाला काही सांगत नाहीत. कोंबडा सांगतो. सगळा वर्ग मिळून आरवला की कुठला उ तोडायचा आणि कुठला लांबवायचा हे मुलांच्या गळ्यालाच कळतं.

आता व्यंजन घेऊ. क पासून कः पर्यंत एक ओळ आडवी वाचली तर अनुप्रास, आणि का, खा, गा, घा असा एक रकाना उभा वाचला तर यमक. आडव्या ओळीत व्यंजन धरून ठेवलेलं असतं आणि स्वर बदलत जातो, उभ्या रकान्यात स्वर धरलेला असतो आणि व्यंजन बदलत जातं. कानाची तयारी म्हणून बालशिक्षणात जे खेळ घेतात, म्हणजे एकाच आवाजानं सुरू होणारे शब्द शोधा, शेवट सारखा असलेले शब्द शोधा, ते या चौकटीत आधीच बसलेले आहेत. शिवाय काटकसर पाहा. पारंपरिक बाराखडीत 34 व्यंजनं आणि त्यांना लावायची 11 चिन्हं. अ साठी चिन्ह लागत नाही, म्हणून बाराऐवजी अकरा. एवढ्या भांडवलावर 408 अक्षरं उभी राहतात. इंग्रजी वाचायला शिकणाऱ्या मुलाला पाच स्वराक्षरांवर वीसच्या आसपास स्वरध्वनी भागवावे लागतात, आणि दर नव्या शब्दात अंदाज बांधावा लागतो. आपल्या मुलाला 'का' एकदा कळला की काकडीत तोच, कागदात तोच आणि दुकानातही तोच.

चिन्हांची नावं तर मला फार आवडतात. काना, वेलांटी, उकार, मात्रा. 'क ला काना का' असं म्हणता म्हणता मुलाचा हात उभी रेघ ओढतो, डोळा ती पाहतो आणि कान त्याच क्षणी क चा का झालेला ऐकतो. पहिली वेलांटी आणि दुसरी वेलांटी ही नावंही मोठी शहाणपणाची आहेत. पहिली, दुसरी एवढं मोजणं त्या वयाला येतंच. धूळपाटीवर बोटानं अक्षरं गिरवायच्या काळात बोटाला मिळणाऱ्या स्पर्शाचं जे महत्त्व होतं, तेच माँटेसरी पद्धतीत खरखरीत कागदाच्या अक्षरांच्या रूपानं पुन्हा आलं. तिथंही अक्षरावर बोट फिरवताना मूल त्याचं नाव घेत नाही, त्याचा आवाज काढतं.

लिपीचं आणि कानाचं पहिल्यांदा बिनसतं ते वेलांटीपाशी. 'दिवा' हा शब्द घ्या. कानाला आधी द् ऐकू येतो, मग इ. डोळ्याला आधी वेलांटी दिसते, मग द. डावीकडून उजवीकडे बोट सरकवत वाचणारं मूल वेलांटीवर अडतं, कारण बोटाखाली म्हणण्यासारखं अजून काही आलेलंच नसतं. लिहिताना ते कानाचं ऐकतं: आधी द काढतं, मग पुढची इ आठवली की वेलांटी द च्या उजवीकडे देतं. उजवीकडे दिली की ती दुसरी वेलांटी होते. 'दीवा' लिहिणाऱ्या कितीतरी मुलांची चूक माझ्या मते लांबीची नसते, बाजूची असते. त्यांना ह्रस्व-दीर्घाचा नियम समजावत बसण्यात अर्थ नाही. 'आधी लिहायची, नंतर म्हणायची' एवढंच सांगून चार शब्द सोबत वाचले की काम होतं.

अशीच एक जागा ऐ ची. के वर एक मात्रा, कै वर दोन. सुट्या ए वर मात्र एकही नाही आणि सुट्या ऐ वर एकच. एक मात्रा म्हणजे ए हे मनाशी पक्कं केलेलं मूल 'ऐरण' ला 'एरण' वाचतं, आणि त्याचं चुकलं असं म्हणायला जीभ रेटत नाही. सावरकरांनी लिपिशुद्धीच्या चळवळीत अ चीच बाराखडी सुचवली होती: अि, अी, अु, अू, अे, अै. ती रूढ झाली नाही आणि आज डोळ्यांना खटकतेही. पहिलीतल्या मुलाच्या बाजूनं पाहिलं तर तिच्यातला विचार पटतो.

पण बाराखडीतला सर्वांत अवघड स्वर पहिलाच आहे. अ ला चिन्ह नाही. तो प्रत्येक व्यंजनात मुरलेला असतो, दिसत कुठेच नाही. मुलाला क, म, ळ ही तिन्ही अक्षरं ओळखता येतात. 'कमळ' समोर ठेवलं की ते म्हणतं, क... म... ळ... आणि थांबतं. प्रत्येक अक्षरामागे त्यानं एकेक अ पुरता उच्चारलेला असतो, त्यामुळे तीन आवाज होतात आणि फूल काही दिसत नाही. मग ते पुन्हा म्हणतं, जरा भरभर. शेवटच्या ळ मागचा अ गळतो, आणि चेहरा एकदम बदलतो: कमळ! ही एवढीशी गळती म्हणजे वाचन. अक्षरओळख आणि वाचन यांच्यामधली सीमा या न दिसणाऱ्या अ वरून जाते, असं मी म्हणेन.

ही गळती कशी ठरते? कडक आणि कडकडाट हे दोन शब्द शेजारी लिहा. पहिली तीन अक्षरं तीच, त्याच क्रमानं. 'कडक' म्हणताना ड मधला अ स्पष्ट उच्चारला जातो. 'कडकडाट' मध्ये त्याच ड मधला अ गळतो आणि आपण कड्-क-डाट म्हणतो. 'करवत' मध्ये र चा अ जातो, 'बसला' मध्ये स चा. शाळेत हे कुणी शिकवत नाही, बाराखडीत ते लिहिलेलं नाही, आणि तरी मराठी घरातलं सहा वर्षांचं मूल ते अचूक करतं. त्यानं विजेचा कडकडाट ऐकलेला असतो आणि तो शब्दही ऐकलेला असतो. अक्षरांवरून अर्धा शब्द हाती आला की उरलेला त्याच्या कानातून वर येतो. म्हणून वाचन शिकवण्याची खरी तयारी पाटी-पेन्सिलच्या फार आधी होते. ती गप्पांत होते, गोष्टींत होते, आजीच्या उखाण्यांत आणि कोड्यांत होते. ज्या मुलाच्या घरी वारली, कोरकू किंवा गोंडी बोलतात त्याला शाळेतला 'कडकडाट' आधी भेटलेलाच नसतो. ते प्रत्येक अ म्हणत राहतं आणि आपण त्याला मंद म्हणतो. हा अन्याय आहे, आणि तो अजून चालू आहे.

ह्रस्व-दीर्घाबद्दलही मुलांचा कान पुष्कळ काही जाणतो. फूल म्हणा, मग फुलं म्हणा. चूल म्हणा, मग चुली म्हणा. एकट्या फुलातला ऊ लांब, अनेक फुलांतला उ आखूड. शेवटी ठसठशीत स्वर आला की आधीचा आवरतं घेतो. मराठी साहित्य महामंडळाच्या ज्या नियमांना 1962 साली शासनमान्यता मिळाली, त्यांतला उपान्त्य इकार-उकाराचा नियम मुळात या उच्चाराचीच नोंद आहे. तो नियम म्हणून पाठ करायला दिला की रुक्ष होतो. मूल-मुलं, वीट-विटा, सून-सुना अशा जोड्या तालात म्हणून घेतल्या की मुलंच नव्या जोड्या आणतात. आणि सुरुवातीला कुणी 'फुल' लिहिलं म्हणून आकाश कोसळत नाही. मोडी लिपीत ह्रस्व-दीर्घ इकार-उकाराचा भेदच करत नसत, आणि त्या लिपीत मराठीतला कारभार शतकानुशतकं चालला. पहिली-दुसरीत अर्थ लागणं महत्त्वाचं, लांबी मागाहून येते.

बाराखडीतलं माझं सर्वांत आवडतं चिन्ह शेवटून दुसरं आहे. व्याकरण अं ला स्वर म्हणत नाही, स्वरादी म्हणतं. एक ठिपका, आणि त्याची किती कामं! अंगण म्हणताना तो घशाशी उमटतो, पंजा म्हणताना टाळूशी, घंटा म्हणताना जीभ वर वळते, खंत म्हणताना ती दातांशी जाते आणि आंबा म्हणताना ओठ मिटतात. पुढचं अक्षर जिथं उच्चारायचं तिथं हा ठिपका आधीच जाऊन थांबतो. पुस्तकात याला परसवर्ण म्हणतात. मुलांना हे शिकवावं लागत नाही. शिकवायचंच असेल तर एवढं करावं: हे पाच शब्द सावकाश म्हणायला लावावेत आणि ठिपक्याच्या वेळी तोंडात काय होतं ते विचारावं. मुलं उत्तर देतात, आणि ते ऐकण्यासारखं असतं.

याच ठिपक्याचं दुसरं काम बोलीतल्या मराठीचं आहे. 'घर' वर ठिपका दिला की 'घरं' होतात. एका घराची वस्ती होते. पाठ्यपुस्तक बहुतेकदा 'घरे' छापतं, घरी सगळे 'घरं' म्हणतात. गोष्टीच्या पुस्तकात मुलाला पहिल्यांदा 'घरं', 'झाडं', 'पाखरं' असं छापलेलं दिसतं तेव्हा आपण बोलतो तसंही लिहितात हे त्याला उमगतं. वाचायला शिकणाऱ्याच्या हातात अशी पुस्तकं लवकर पडायला हवीत.

भिंतीवरच्या तक्त्याबद्दल थोडंसं. आ आईचा हे उत्तम, कारण स्वर स्वच्छ आहे आणि माणूस ओळखीचं. ऊ उसाचा, ओ ओठाचा हेही तसेच. ई च्या चौकटीत ईडलिंबू बसलेलं असतं, आणि शहरातल्या मुलाला ते नुसतं लिंबू वाटतं. मग ई चा आवाज चित्रातून निघतच नाही. एडका, ऐरण, ऋषी यांचंही तेच. ज्या चित्राला मूल आपणहून त्याच आवाजानं हाक मारेल तेच चित्र कामाचं. ण आणि ळ यांनी मराठी शब्द सुरू होत नाहीत, म्हणून तिथं बाण आणि बाळ घ्यावं लागतं. ही तडजोड नाइलाजाची आहे, पण तिथं आवाज शब्दाच्या शेवटी शोधायचा असतो हे मुलांना सांगायला हवं.

मग बाराखडी शिकवायची की नाही? शिकवायची, पण पहिल्यांदा नाही. तिचा क्रम व्याकरणकाराचा आहे. उच्चाराचं शास्त्र ज्याला कळलं त्यानं ते जितकं नेटकं मांडता येईल तितकं मांडलं. मुलाचा क्रम वेगळा असतो. त्याला पहिल्याच आठवड्यात काहीतरी वाचायचं असतं, आणि वाचलेल्याला अर्थ असायला हवा असतो. पाठांतराच्या वाटेनं गेलं तर 408 अक्षरं झाल्यावर पहिलं वाक्य येतं. दुसरी वाट फार जवळची आहे. क, म, र ही तीन अक्षरं आणि एक काना घ्या. काका, मामा, काम, मार, कर, करा असे शब्द होतात, आणि हे वाक्य होतं: काका, काम करा. तीन अक्षरं आणि एक चिन्ह यांत संबोधन आलं, कर्म आलं, आज्ञा आली, आणि काकांना काम सांगण्याची गंमतही आली. ल घातला की मला, मामाला, काल, लाल. मग दुसरी वेलांटी आणि काकी, मामी. पहिली वेलांटी उलट्या बाजूची म्हणून जरा थांबवायची. आज मराठीत लहान मुलांच्या वाचनावर काम करणारे बरेच जण असे अक्षरगट वापरतात.

या वाटेची पूर्वपुण्याई मोठी आहे. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं आणि 1957 साली ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. मुलं शाळेपर्यंत येईनात तेव्हा त्या बालवाडी घेऊन वारली पाड्यांवर गेल्या. खडे, शिंपले, बिया, पानं हेच त्यांचं शैक्षणिक साहित्य होतं. मुलाजवळ काय आहे तिथून सुरुवात करायची, ही दिशा त्यातून मिळाली. फलटणमध्ये मॅक्सीन बर्नसन या मूळच्या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ बाईंनी आपलं आयुष्य मराठी मुलांच्या वाचन-लेखनाला दिलं. आपल्या लिपीकडे बाहेरून आलेल्या शहाण्या डोळ्यांनी पाहणारं असं माणूस आपल्याला लाभलं, ही कृतज्ञतेची गोष्ट आहे.

बाराखडी थांबून राहिलेली नाही, हेही तिच्या रसिकानं ध्यानात घ्यावं. बॅट, बॉल, डॉक्टर हे शब्द मराठी मुलाच्या तोंडी आई-बाबांच्या बरोबरीनं येतात. 6 नोव्हेंबर 2009 च्या शासन निर्णयानं ॲ आणि ऑ हे स्वर वर्णमालेत घेतले आणि बाराखडीची चौदाखडी झाली. काहींना तो इंग्रजीपुढे नमतेपणा वाटला. मला तसं वाटत नाही. कानाला जे ऐकू येतं त्याला जागा करून देणं हा या रचनेचा मूळ स्वभाव आहे, आणि ॲ ला ए च्या शेजारी, ऑ ला ओ च्या शेजारी बसवण्यात जुनी शिस्तही राखली गेली. उत्तर अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळांत जाणाऱ्या मुलांची अडचण नेमकी उलट असते: ॲ, ऑ त्यांना सहज येतात, पण 'घोडा' म्हणताना ओ च्या शेवटी इंग्रजीच्या सवयीनं एक उ डोकावतो. त्यांच्यासाठी ओठ तसेच धरून ठेवायला लावणारी जुनी घोकणी आजही उपयोगी आहे.

तुमच्या घरात किंवा वर्गात पाच-सहा वर्षांचं मूल असेल, तर त्याला आज बाराखडी म्हणून दाखवायला लावू नका. त्याला तीन अक्षरं आणि एक काना द्या. त्यांतून होणारे शब्द त्याचे त्याला जुळवू द्या, आणि रोज एक गोष्ट त्याला वाचून दाखवा. वर्षअखेरीस बहुतेक चिन्हं त्याच्या ओळखीची झाली की बाराखडीचा पूर्ण तक्ता त्याच्या उंचीला भिंतीवर लावा, आणि न शिकवलेल्या एखाद्या अक्षराची, ढ ची किंवा झ ची, ओळ त्याची त्याला पूर्ण करू द्या.